पांढरी चार आणि शिक्का क्रमांक ४११७

मिलीग्रॅमराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव कचेरीच्या हजेरीपटावर होतं आणि तिथे ते सुखाने नांदत होतं. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक म्हणून एकवीस वर्षं काढल्यावर हे दुसरं नाव त्यांना बाजाराने बहाल केलं होतं. ते बाजाराच्या तोंडाशी दिसले की पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत खोकल्याची एक साथ पसरायची, आणि पारड्यांखाली चिकटवलेले मेणाचे गोळे पटापट खिशात जायचे. एका दुकानदाराने एकदा नुसता चहा पुढे केला, तर ह्यांनी कप उचलायच्या आधी त्याचं दुधाचं माप तपासलं. माप कमी भरलं. चहा तसाच राहिला.

खात्याने त्यांना एक छोटी पुस्तिका दिली होती. कोणत्या वजनात किती कमीजास्त चालवून घ्यायचं त्याचे तक्ते तिच्यात होते, आणि तिचं नाव होतं ‘मान्य फरक’. ही पुस्तिका मिलीग्रॅमरावांच्या खिशात असायची खरी, पण पाहुण्यांनी आणलेली आवडत नसलेली मिठाई घरात असते तशी. फरक आणि मान्य हे दोन शब्द एका ओळीत बसवणारा माणूस कोण असेल, ह्याचं त्यांना एकवीस वर्षं नवल वाटत होतं.

माणूस मनाने चांगला. पण चांगल्या माणसाबरोबर राहणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्यांच्या घरी आठवडाभर राहून यावं. भिंतीवरचं चित्र तिरपं आहे की भिंतच तिरपी, हे ठरवायला त्यांनी एकदा गवंड्याकडून ओळंबा आणला होता. भिंत तिरपी निघाली. तेव्हापासून घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ते भिंत दाखवत, आणि चित्र बिचारं कोणी बघत नसे.

घरात बायको, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि एक पेटी. पेटी सासरेबुवांची. सासरेबुवा शाळेत गाण्याचे मास्तर होते. सहा वर्षांपूर्वी ते गेले आणि पेटी मुलीकडे आली. ह्या सासरेबुवांनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, एका गाण्याच्या बैठकीत, चारचौघांत म्हटलं होतं, “आमचे जावई सोन्यासारखे आहेत. फक्त टाळीसुद्धा बिचाऱ्यांची उशिरा पडते.” लोक हसले होते. मिलीग्रॅमरावही हसले होते, पण ते वाक्य त्यांनी मनात जपून ठेवलं होतं, आणि बावीस वर्षांत त्याच्यावर धूळ म्हणून बसू दिली नव्हती.

तर त्या आठवड्यात बायको बहिणीकडे गेली होती. बहिणीचा पाय मोडला होता. गुरुवारी ती परतणार होती आणि रविवारी वाचनालयाच्या सभागृहात तिच्या गानमंडळाचा पंचविसाव्या वर्षाचा कार्यक्रम होता. सहा गाणी, सोळा बायका आणि एक पेटी. पेटीवर ती स्वतः बसणार होती. निघताना दारात चपला घालत ती म्हणाली, “दूधवाल्याला सांगा, गॅस बंद करत जा, आणि अहो, पेटीला हात लावू नका.”

आता इतकं स्वच्छ सांगितल्यावर कोणाचाही हात शिवशिवेल. पण मिलीग्रॅमरावांचा नाही शिवशिवला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. शिवशिवला तो मुलीचा. तिला कॉलेजात आवाजाच्या कंपनांचा प्रयोग होता. तिने फोन पेटीवर ठेवला, भाता मारला आणि एक एक पट्टी दाबून आकडे लिहू लागली. पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या. डावीकडून मोजत गेलं की पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, अशी त्यांची नावं.

“बाबा, गंमत बघा,” ती म्हणाली. “पांढरी एकची कंपनं दोनशे एकसष्ट पूर्णांक सहा. पांढरी पाच हा तिचा पंचम. म्हणजे बरोबर दीडपट यायला हवा.”

“मग?”

“नाही येत. चार दशांश कमी पडतोय.”

पेपर वाचत असलेले मिलीग्रॅमराव ताठ बसले. “कमी?”

“सगळेच पंचम थोडे थोडे कमी आहेत. आमच्या पुस्तकात आहे काहीतरी त्याबद्दल. पुढच्या धड्यात.”

पुढच्या धड्याची वाट मिलीग्रॅमरावांनी पाहिली असती, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांच्या डोक्यात भलताच प्रकाश पडला होता. सासरेबुवांची पेटी! जिच्यापुढे बसून त्यांनी जावयाची टाळी मोजली, ती पेटी गेली तीसेक वर्षं मापात पाप करत होती! आणि ते एका निरीक्षकाच्या घरात, त्याच्या नाकाखाली, त्याच्याच सतरंजीवर बसून! त्यांना राग आला, आणि रागाच्या तळाशी थोडा आनंदही होता, हे कबूल करायला हवं.

बायको यायच्या आत पेटी अचूक करून ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. रविवारी तिला आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या मापाची पेटी मिळेल. ती विचारेल, हे कोणी केलं? आणि मग ते सावकाश, घाई न करता सांगतील. तीन दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं, ‘घरगुती तपासणी’. खोटं लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

पेटीचं झाकण उघडल्याची बातमी कुठून फुटली देव जाणे, पण अर्ध्या तासात शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर हजर झाले. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर पोस्टमास्तरांकडे एकच औषध होतं, शिवणयंत्राचं तेल. त्याची छोटी चोचीची बुधली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे.

“चार थेंब सोडा,” ते म्हणाले. “आमच्या ऑफिसातला शिक्का अडकायचा, चार थेंबांत लोण्यासारखा चालायला लागला.”

“पेटीत तेल घालत नाहीत हो.”

“घालून बघितलंय का कोणी?”

तेल घालायचं नाही हे पटवण्यात पहिली सकाळ गेली.

आत रीड होत्या. रीड म्हणजे पितळेची बोटाच्या पेराएवढी जीभ, भात्याची हवा लागली की थरथरते आणि सूर देते. टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. हे मुलीने फोनवर वाचून दाखवलं. घासायला बारीक कानस हवी होती. ती खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी दिली. “हलक्या हाताने घासा,” ते म्हणाले, “आणि मध्ये मध्ये थांबून विचारा, दुखतंय का.” डॉक्टरांचा विनोद मिलीग्रॅमरावांना कळायला संध्याकाळ झाली.

काम मात्र त्यांनी असं केलं की खात्याने आदर्श म्हणून भिंतीवर लावावं. फाईल पहिल्या पानापासून उघडतात, म्हणून सुरुवात पांढरी एकपासून. तिची कंपनं घ्यायची, दीडपट करायची, त्या आकड्याला पांढरी पाच आणून बसवायची. मग पांढरी पाचची दीडपट, तिथे पांढरी दोन. सप्तकाबाहेर गेलं तर निम्मं करायचं. असं पंचमावरून पंचमावर उड्या मारत बाराही पट्ट्या फिरायच्या. प्रत्येक उडीला मुलगी फोन बघून म्हणायची, “बरोबर!” आणि मिलीग्रॅमराव कागदावर बरोबरची खूण करायचे. अकरा उड्यांत बाराही पट्ट्या झाल्या. सगळ्यात शेवटी आली पांढरी चार. तिला फार चढवावं लागलं, इतकं की त्यांना सासरेबुवांची कीव आली. अकरा उड्या, अकरा खुणा, आणि फरक शून्य. मग तेच आकडे दुप्पट आणि निम्मे करून बाकीची दोन सप्तकं. तीन दिवसांत पाठ मोडली, बोटं पितळेने हिरवी झाली, पण बुधवारी दुपारी ते झाकण लावून उठले तेव्हा त्यांना आपण थोडे उंच झाल्यासारखं वाटत होतं.

आता पांढरी चारवरून पुन्हा पांढरी एकवर यायची एक बारावी उडी राहिली होती. ती कोणी मारून पाहिली नाही. घासायला रीडच उरली नव्हती, मग उडी कशाला?

इथवर सगळं ठीक होतं. घात केला तो त्यांच्या प्रामाणिकपणाने. झाकण लावून ते हात धुवायला गेले आणि परत येऊन बघतात तर पोस्टमास्तर झाकणाच्या एका स्क्रूशी बुधली घेऊन वाकलेले.

“दोनच थेंब,” पोस्टमास्तर म्हणाले.

मिलीग्रॅमरावांनी त्यांना हाताला धरून दारापर्यंत पोचवलं, आणि खात्याची पिशवी उघडली. दुकानातल्या काट्याशी कोणी खेळ करू नये म्हणून त्याच्या स्क्रूंतून तार ओवून तिला शिशाची गोळी दाबतात, ती पक्कड आणि ती तार बाहेर काढली. पट्ट्या वाजवायला मोकळ्या राहतील, पण झाकण उघडता येणार नाही असा शिक्का त्यांनी पेटीला ठोकला. सरकारी शिसं खाजगी कामाला वापरायचं तर त्यांना झोप लागली नसती. म्हणून तिथल्या तिथे नोंदवही काढून त्यांनी रीतसर नोंद केली. शिक्का क्रमांक ४११७. वस्तू : पेटी, एक. तपासणीअंती अचूक. सही. एखाद्या लबाड माणसाने गुपचूप शिसं वापरलं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप तोडलंही असतं.

गुरुवारी बायको आली. तिने पिशवी ठेवली, पाणी प्यायलं, आणि तिची नजर पेटीवर गेली.

“हे काय लोंबतंय?”

“वाजव तर खरं,” मिलीग्रॅमराव म्हणाले. भिंतीला टेकून, हात मागे बांधून ते उभे होते. बावीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो आता यायचा होता.

ती बसली. भाता मारला. डाव्या हाताने भाता आणि उजव्या हाताने, सवयीने, पांढरी चार आणि वरची पांढरी एक एकदम दाबली, म्हणजे षड्ज आणि पंचम. पेटीतून जे निघालं त्याला सूर म्हणायचं तर नळावरच्या भांडणाला संवाद म्हणावं लागेल. दोन आवाज एकमेकांचे केस धरून वाँव वाँव करत घरभर फिरले. खिडकीतलं मांजर उठून गेलं. पोस्टमास्तर बुधली घेऊन धावत आले आणि “कोणाला काय झालं?” म्हणून विचारू लागले. त्यांच्यामागून पोस्टमास्तरीणबाई आल्या, त्या गानमंडळात दुसऱ्या रांगेत गायच्या. त्यांनी खाली बसून पेटी ऐकली आणि तोंडाला पदर लावला.

“दुसऱ्या पट्ट्या दाबून बघ,” मिलीग्रॅमराव म्हणाले. “बाकीच्या सगळ्या अचूक आहेत. ही एकच... कोणती आहे ही?”

बायकोने भाता सोडला. “अहो, मी कुठल्या पट्टीत गाते?”

“म्हणजे?”

“बावीस वर्षं गातेय ना मी ह्या घरात? रोज सकाळी. कुठल्या पट्टीत गाते, सांगा.”

मिलीग्रॅमरावांना बाजारातल्या प्रत्येक काट्याचा क्रमांक पाठ होता. बायकोच्या चपलेचं माप, मुलीचं जन्मवेळचं वजन दशांशासकट पाठ होतं. ते पेटीवरच्या पट्ट्या डावीकडून मोजायला लागले.

“पांढरी चार,” पोस्टमास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. पोस्टमास्तरांनीही मान डोलावली. शेजाऱ्यांना माहीत होतं.

“माझ्या बाबांचा हात होता ह्या पेटीला,” बायको म्हणाली. “मी नुसता भाता मारला तरी ते शेजारी बसल्यासारखं वाटायचं.” एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मिलीग्रॅमरावांना बरं वाटलं असतं.

शुक्रवारी सकाळी रिक्षात पेटी घालून ते, बायको आणि मुलगी पेटीदुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. रिक्षात मुलगीच बोलत होती. दुकान एवढंसं, भिंतभर भाते टांगलेले, आणि काका सत्तरीपुढचे, कपाळावर चष्मा चढवलेले. त्यांनी पेटी जवळ ओढली, दोन पट्ट्या दाबल्या, गालातल्या गालात हसले आणि स्क्रूला हात घालणार तोच शिशाची गोळी पाहून हात मागे घेतला.

“हे मी उघडणार नाही.”

“का?” मिलीग्रॅमराव म्हणाले.

काकांनी चष्मा खाली ओढून त्यांच्याकडे नीट पाहिलं. “ओळखलं नाहीत? बारा वर्षांपूर्वी तुम्ही माझा पितळ जोखायचा काटा बाद केलात. अर्ध्या ग्रॅमसाठी. तेव्हा मी विचारलं होतं, हा शिक्का काढून जरा स्क्रू पिळू का? तर तुम्ही मला कलम वाचून दाखवलं. शिक्का तोडणं गुन्हा. उभं राहून वाचलंत, सगळं.”

“पण हा शिक्का माझाच आहे!”

“तोही तुमचाच होता,” काका म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. शेवटी काकांनाच गळ घालून चौघं आणि पेटी अशी वरात कचेरीत गेली. मिलीग्रॅमरावांना वाटलं होतं, आपलीच कचेरी, दोन मिनिटांचं काम. पण खिडकीत हेडक्लार्कबाई होत्या, आणि त्यांना नियम शिकवले होते खुद्द मिलीग्रॅमरावांनी.

“शिक्का काढायचा अर्ज,” बाईंनी कागद पुढे ओढला. “वस्तू?”

“पेटी.”

“प्रमाणित कोणी केली?”

“मी.”

“तक्रारदार?”

मिलीग्रॅमरावांनी मागे पाहिलं. “पत्नी.”

“तक्रारीचं स्वरूप?”

“वस्तू सदोष आहे,” बायको मागून म्हणाली. कालपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य होतं.

“दोष कोणामुळे?” बाईंनी पेन उचलून धरलं. बाजूच्या टेबलांवरची माणसं कामं सोडून ऐकत होती. एकवीस वर्षांत ह्या खिडकीसमोर मिलीग्रॅमरावांनी किती दुकानदारांना घाम पुसताना पाहिलं होतं. त्यांनी रुमाल काढला.

“तपासणी अधिकाऱ्यामुळे,” ते म्हणाले. बाईंनी ते शांतपणे लिहून घेतलं.

मग मोठे साहेब आले. दोष दिसल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले. पेटी त्यांच्या टेबलावर चढवली, बायकोने भाता मारला, पांढरी चार आणि पांढरी एक दाबली, आणि एक शिपाई कोणाला तरी लागलं असं समजून प्रथमोपचाराची पेटी घेऊन आला.

“दिसला दोष,” साहेब कानातलं बोट काढत म्हणाले. “किती आहे?”

“साडेतेवीस सेंट,” मुलगी फोन बघून म्हणाली. “म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातले साडेतेवीस. पंचम तेवढा तोकडा पडतोय.”

“साहेब, मला हेच कळत नाही,” मिलीग्रॅमराव म्हणाले. “मी अकराही वेळा अचूक मोजलं. एकदाही दशांश सोडला नाही. मग एवढा फरक आला कुठून?”

आता काका पुढे झाले. त्यांनी साहेबांच्या टेबलावरचा पेनांचा गोल डबा घेतला आणि कागदाची एक लांब पट्टी त्याच्याभोवती गुंडाळली. टोकं एकमेकांवर थोडी चढली.

“हा डबा म्हणजे सप्तक. आणि हा कागद म्हणजे तुमचे बारा शुद्ध पंचम. देवाने डबा केला आणि कागदही केला, पण एकाच मापाचे नाही केले. बारा पंचम मारून परत घरी आलात की घर थोडं मागे राहिलेलं असतं. तेवढेच, साडेतेवीस. हे उरलेलं काढून टाकता येत नाही. एका जागी कोंबलंत तर तिथे असा फुगा येतो.” त्यांनी कागद चिमटून फुगा दाखवला. “म्हणून आम्ही काय करतो, बाराही पंचमांना दोन दोन सेंट सोसायला लावतो. मग कोणी रडत नाही.”

मिलीग्रॅमराव त्या फुग्याकडे बघत होते.

“म्हणजे,” त्यांनी अगदी हळू विचारलं, “मी मोजण्यात चुकलो नाही?”

“छे हो! इतकं अचूक घासलेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकतोय.”

“पहिल्यांदा कोणाचं?”

काकांनी बायकोकडे पाहिलं. “हिच्या वडिलांचं. हीच पेटी. तीस-बत्तीस वर्षं झाली. मास्तर ती रिक्षात घालून आले, तोंड एवढंसं. म्हणाले, घरच्यांचं डोकं फिरायच्या आत सरळ करा. मीच ती पुन्हा लावली. तू फ्रॉकमध्ये होतीस, भात्याशी खेळत होतीस.”

मिलीग्रॅमरावांच्या छातीवरून एक दगड उतरला, आणि तो उतरताना त्यांनी सासरेबुवांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. तो तोंड एवढंसं झालेला चेहरा त्यांना इतका जवळचा वाटला, की आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला मिठी मारावी असं वाटलं. बायकोकडे बघायचं त्यांचं धाडस झालं नाही. झालं असतं तर ती ओठ दाबून हसतेय हे दिसलं असतं.

“सगळं ठीक,” हेडक्लार्कबाई म्हणाल्या, “पण रकाना नऊ रिकामा आहे. दुरुस्तीनंतर मान्य फरक किती? पेटीचा तक्ता पुस्तिकेत नाही. तपासणी अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचाय.”

मिलीग्रॅमरावांनी पेन घेतलं. त्यांनी आजवर कोणाला स्वतःहून एक कणही माफ केला नव्हता. पेन कागदावर टेकलं, थांबलं, आणि मग त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं : ‘प्रत्येकी दोन सेंट. आनंदाने मान्य.’

“आनंदाने खोडा,” बाई म्हणाल्या. ते खोडलं. साहेबांनी सही केली, तार कापली, आणि ४११७ ची शिशाची गोळी पाकिटात बंद झाली.

शनिवारचा दिवस काकांच्या दुकानातल्या बाकावर गेला. आतून कानशीचा आवाज येत होता. मग बायकोच म्हणाली, “मला आठवतंय ते. बाबांनी पेटी बिघडवली तेव्हा आई काय म्हणाली माहितीये?”

“काय?”

“तिने विचारलं, मी स्वयंपाक करताना गुणगुणते ती पट्टी कोणती, सांगा. बाबा गाण्याचे मास्तर. अख्ख्या गावातल्या मुलांच्या पट्ट्या त्यांना पाठ. पण आईची येईना.”

“मग?”

“मग काय, दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचायला लागले. शेवटपर्यंत तिथेच वाचायचे.” तिने दुकानात आत डोकावून पाहिलं. “परवा रागाच्या भरात माझ्या तोंडून आईचाच प्रश्न गेला. आपण आईसारखं बोलायचं नाही असं किती ठरवलेलं असतं.”

काका बाहेर आले. सगळं जुळलं होतं. फक्त एका सप्तकातली पांढरी चारची रीड आधी टोकाला आणि मग मुळाशी घासून पातळ झाली होती. “हिच्यात थोडा कंप राहणार,” काका म्हणाले. “नवी घालायची तर आठ दिवस. पण मला विचाराल तर राहू द्या. आवाज वाईट नाही येत.”

“राहू द्या,” दोघंही एकदम म्हणाले.

रविवारी वाचनालयाचं सभागृह भरलं. मिलीग्रॅमराव तिसऱ्या रांगेत, एका बाजूला मुलगी आणि दुसऱ्या बाजूला पोस्टमास्तर. पडदा सरकला. सोळा बायका उभ्या, पुढे पेटीवर ती. तिने भाता मारला, पांढरी चार दाबली आणि गायला लागली. मिलीग्रॅमरावांनी ऐकलं. बावीस वर्षं ते ह्या आवाजाखाली दाढी करत होते, पेपर वाचत होते, चपला शोधत होते. पेटीचा सूर किंचित थरथरत होता आणि तिचा आवाज त्या थरथरीला धरून वर चढत होता. मुलीने सवयीने फोन काढला आणि आकडा बघायला वाकली. त्यांनी हात पुढे करून फोनवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि ओसरला. सभागृह शांत झाल्यावर तिसऱ्या रांगेतून एकट्याची टाळी पडली, चांगली जोरात. सगळे वळून बघायला लागले. पेटीवर बसलेली बायको हसली, तेही चारचौघांत.

“शेवटी तेल घातलंत वाटतं,” पोस्टमास्तर कानाशी कुजबुजले.

“घातलं,” मिलीग्रॅमराव म्हणाले. आयुष्यातलं त्यांचं पहिलं खोटं इतकं सहज निघून गेलं की त्यांनाच आश्चर्य वाटलं.

सोमवारी कचेरीत ४११७ ची नोंद बंद करायची होती. मिलीग्रॅमरावांनी सगळे रकाने भरले आणि शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहून वही खिडकीतून आत सरकवली. हेडक्लार्कबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, “पत्नी पांढरी चारमध्ये गाते.” त्यांनी वर पाहिलं. “ही माहिती आवश्यक आहे का?”

“आवश्यक आहे,” मिलीग्रॅमराव म्हणाले. “मिळायला जरा उशीर झाला.”

बाईंनी शेऱ्याखाली सही केली आणि वही मिटली.